साडभाऊंचं पॅनेल

न्याय्य वाटपावर थोरामोठ्यांनी आजवर पुष्कळ लिहून ठेवलं आहे. पण ते प्रत्यक्षात आणून, वर मीटर लावून मोजून दाखवणारा माणूस माझ्या आयुष्यात एकच आला, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. आमच्याकडे साडूला साडभाऊ म्हणतात. हे साडभाऊ हिंगणा रोडवरच्या एका शेडमध्ये कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनवतात. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट. फरक एवढाच की त्यात कपड्यांऐवजी वीज ठेवतात. बाहेरून आलेली वीज आधी तांब्याच्या जाड पट्ट्यांवर उतरते आणि तिथून लहानमोठ्या स्विचांमधून कुठे मोटारीला, कुठे पंख्याला, कुठे दिव्याला वाटली जाते. हे वाटताना तिन्ही फेजवर भार सारखा पडला पाहिजे, एक राबते आहे आणि दुसरी आरामात आहे असं चालायचं नाही, हा साडभाऊंचा धर्म. त्यांचं न्यायाचं राज्य लाल, पिवळी आणि निळी अशा तीन वायरींपुरतंच आहे, पण तेवढ्यात ते पक्कं आहे.

अडचण अशी की संध्याकाळी शेडला कुलूप लागलं तरी साडभाऊंचं वाटप बंद होत नाही. महाल भागात एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो. पहिल्या पंगतीच्या टोकाला जिलबी दोन-दोनदा फिरत होती आणि दुसऱ्या टोकाचे लोक रिकाम्या पानाकडे बघत बसले होते. साडभाऊ भरल्या पानावरून उठले, केटररला बाजूला घेतलं आणि त्याला समजावलं की तुझा सगळा लोड एकाच फेजवर आला आहे. मग त्यांनी वाढप्यांच्या तीन तुकड्या केल्या, प्रत्येकीला आपापली रांग नेमून दिली आणि स्वतः मांडवाच्या मध्यभागी हात वर करून उभे राहिले. व्यवस्था इतकी चोख झाली की जिलबी सगळ्या रांगांत एकाच क्षणी संपली. नवरदेवाच्या पानातही पोचली नाही. वधूपिता त्यांच्याशी अजून बोलत नाही. साडभाऊंना मात्र ते लग्न आठवलं की समाधान वाटतं. ‘कुठंच ओव्हरलोड नव्हता गा,’ असं ते म्हणतात.

पॅनेलमधल्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना एकाच नंबरची इवलीशी कडी घालतात, म्हणजे हे टोक कुठून आलं असा प्रश्न पुढे कुणाला पडू नये. नियम उत्तम आहे. परंतु साडभाऊंच्या पायजम्याच्या नाडीच्या दोन्ही टोकांनाही नंबर आहेत. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाले, एक टोक आत गेलं म्हणजे? मी म्हटलं, साडभाऊ, नाडीला टोकं दोनच. जे बाहेर नाही ते आत गेलं. त्यांनी माझ्याकडे, पॅनेलचं शिक्षण न मिळालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. ‘आज दोनच हायेत,’ ते म्हणाले.

त्यांची दुसरी सवय हिसका देण्याची. वायर जोडून झाली की ती ओढून बघायची, निसटते का ते. हे त्यांच्या हाताच्या इतकं अंगवळणी पडलं आहे की समोर आलेली कुठलीही जोडलेली वस्तू ते ओढून बघतात. दाराच्या कड्या, पिशव्यांचे बंद, शेजाऱ्यांच्या स्कूटरचे आरसे. माझ्या नव्या शर्टाचं बटण त्यांनी घरी आल्या आल्या ओढलं आणि हातात आलेलं बटण मला परत देत म्हणाले, बरं झालं, रस्त्यात निघालं असतं. त्यांच्या मुलीला बघायला स्थळ आलं तेव्हा बाकीच्यांनी मुलाचा पगार आणि फ्लॅट विचारला. साडभाऊंनी हस्तांदोलन केलं आणि हिसका दिला. मुलगा सोफ्यावरून दोन पावलं पुढे आला, पण त्यानं हात सोडला नाही. तिथल्या तिथे लग्न ठरलं. जावई भला माणूस आहे. सासऱ्यांना तो अजून लांबूनच नमस्कार करतो.

या सगळ्या तोऱ्याच्या आत एक दुःख आहे, हे मला फार उशिरा समजलं. साडभाऊंचं खरं काम पॅनेलच्या आत असतं, आणि ते कुणी बघत नाही. शिंप्याला त्याचा शर्ट रस्त्यात भेटतो, हलवायाला त्याची बर्फी लोकांच्या तोंडात दिसते. साडभाऊंच्या वायरी सरळ रांगेत उतरतात, एकाच ठिकाणी काटकोनात वळतात, एकमेकींना कुठेही ओलांडत नाहीत, आणि हे सगळं झाल्यावर दार लावून त्याला किल्ली फिरवतात. ते दार पुढे उघडतं ते आत काही जळाल्यावर. ‘माझं काम लोकांनी पाहिलं तं धुरातच पाहिलं,’ असं ते एकदा चहा पिता पिता म्हणाले. त्यातही त्यांची पॅनेलं सहसा जळत नाहीत, त्यामुळे तेवढाही योग नाही. आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एकही पॅनेल आतून पाहिलेलं नव्हतं. नवरा सकाळी जातो, दिवसभर एका डब्यात डोकं घालून बसतो आणि पाठ धरून परत येतो, एवढी त्यांची माहिती. कुणी विचारलं तर त्या ‘डबे बनवतात’ म्हणून सांगत. शेजारच्या एका कॉलेजकुमाराने तर महिन्याचा दर आणि शनिवारी काय असतं तेही विचारून घेतलं होतं.

म्हणून बुटीबोरीकडे कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका नव्या कारखान्याचं काम मिळालं तेव्हा साडभाऊंनी मनाशी काही ठरवलं. पॅनेल भिंतभर होतं. शेटजींना उद्घाटन थाटात करायचं होतं आणि फीत कापण्याऐवजी पाहुण्यांनी पॅनेलच्या दारावरचा मुख्य खटका फिरवावा अशी त्यांची कल्पना होती. साडभाऊंनी अट घातली की आधी दार उघडं राहील, पाहुणे आणि मंडळी आत बघतील, मग दार लागेल आणि मग खटका. शेटजी कबूल झाले. ताईंना रेशमी साडी नेसवून आणण्यात आलं. मला त्यांच्या शेजारची खुर्ची देऊन साडभाऊंनी बजावलं की दार उघडलं की त्यांना डावीकडून बघायला सांग, वळणं तिकडून चांगली दिसतात.

प्रमुख पाहुणे एक माननीय होते. त्यांची त्या दिवशी आणखी दोन उद्घाटनं होती, त्यामुळे ते उशिरा आले आणि गाडीतून उतरून थेट पॅनेलकडेच चालू लागले. कपाट उघडं राहिलेलं बघून त्यांच्याबरोबरच्या एका कार्यकर्त्याला ते बरं वाटलं नाही. त्यानं तत्परतेने दार लावलं. माननीयांनी खटका फिरवला. दिवे लागले, पंखे फिरले, टाळ्या झाल्या. आणि खटका चालू असेपर्यंत ते दार उघडत नाही. चालू विजेत कुणाचा हात जाऊ नये म्हणून तशी कळ असते आणि ती असलीच पाहिजे असा आग्रह साडभाऊंनीच धरला होता. अडल्या वेळी जाणत्या माणसाला एक स्क्रू फिरवून ती सोडवता येते. पण तो स्क्रू त्यांनी स्वतः बुजवून टाकला होता, कारण जाणत्या माणसांवर त्यांचा विश्वास नाही.

साडभाऊ शेटजींच्या कानाला लागले. दोनच मिनिटं बंद करू, म्हणाले. शेटजी हसरा चेहरा तसाच समोर ठेवून कुजबुजले की मुहूर्तावर चालू केलेली गोष्ट आज बंद करायचं नावही काढू नका, आणि उद्यापासून तर कारखाना दिवसरात्र चालणार आहे. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. साडभाऊ येऊन आमच्या शेजारी बसले. माननीय कोंबडी आणि राष्ट्र यांच्या परस्परसंबंधांवर बोलू लागले होते. ताईंनी पदराने वारा घेत विचारलं, ‘झालं नं तुमचं? निघा मंग आता.’

साडभाऊ उठले. खुर्च्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत सरळ गेले, तिथे काटकोनात वळले, पॅनेलपाशी पोचले आणि त्यांनी खटका फिरवला.

कारखान्यातले पंखे, दिवे आणि माईक, सगळं त्याच पॅनेलवर होतं. ‘आणि म्हणूनच मला आज’ एवढं बोलून माननीय दिसेनासे झाले नाहीत, पण ऐकू येईनासे झाले. आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रे हादरले. लोकांना वाटलं, भाषण संपलं. माननीयांना वाटलं, आवडलं. गैरसमज दोन्ही बाजूंना अगदी सारखा वाटला गेला होता. तेवढ्यात साडभाऊंनी दार उघडलं आणि भर सभेत हाक दिली, ‘इकडं ये वं. पाहून घे एकदा.’

ताई गेल्या. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून माननीय निघाले, माननीय निघाले म्हणून सगळे निघाले. कुणीतरी मोबाइलचा उजेड आत धरला. मीही बघितलं, ताईंच्या खांद्यावरून. खरं सांगायचं तर मला त्यातलं काही कळत नाही. पण विंचरून भांग पाडलेल्या केसांसारख्या त्या वायरी वरून खाली येत होत्या, आणि मागचे लोक टाचा उंचावून बघत होते. ताई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अन् घरी ओला टॉवेल पलंगावर फेकता.’

असं म्हणून त्या निघाल्या मात्र नाहीत. त्यांनी एका निळ्या वायरीकडे बोट पुढे केलं, तसं साडभाऊंनी झटकन त्यांचं मनगट धरलं. मेन बंद केला तरी त्याच्या वरची बाजू चालूच असते, असं त्यांनी हळू आवाजात समजावलं. समजावून झाल्यावर ते मनगट सोडायला विसरले. तिकडून शेटजी धावत येत होते. माननीयांनी प्रसंग ओळखून उघड्या दाराला बाहेरून हात लावला, कॅमेऱ्याकडे तोंड केलं आणि फोटोग्राफरने आपलं काम केलं.

शेटजींनी पुढचं पॅनेल दुसऱ्याकडून करून घेतलं. साडभाऊंनी त्याबद्दल तक्रार केल्याचं मी ऐकलेलं नाही. तो फोटो मात्र त्यांनी मोठा करून बैठकीत लावला आहे. फोटोत माननीय हसताहेत आणि लोखंडी दार उत्तम आलं आहे. दारामागचं काहीच आलेलं नाही. वायरी नाहीत, साडभाऊ नाहीत, ताई नाहीत. दाराखालच्या फटीत तेवढे दोन काळे बूट दिसतात आणि त्यांना खेटून दोन चंदेरी चपला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला साडभाऊ तिथे बोट ठेवून ‘हे आम्ही’ म्हणून दाखवतात, आणि ताई, ज्यांना असली कौतुकं आवडत नाहीत, त्या अशा वेळी आत न जाता दारात उभ्या राहतात.

बूट माझे आहेत.