फिश टँकमधल्या कोळंब्या आणि नळाचं पाणी

मंडळी, दुपारी किहीमला घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या टँकमधलं पाणी कमी दिसलं, मी नळाचं भरलं गो."

आज नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा उग्र वास होता. माझ्या इवल्याशा लाल कोळंब्या सैरावैरा पळत होत्या, काही तर आडव्या पडल्या होत्या.

लगेच क्लोरीन घालवायचं औषध टाकलं. आता बादलीत आधीच भरून ठेवलेलं, क्लोरीन उडून गेलेलं पाणी बारीक नळीने थेंबथेंब सोडतेय, कारण पाणी एकदम बदललं तर उरलेल्याही जातील.

तीन गेल्या. पोटाशी अंडी असलेली मादी अजून पाय हलवतेय. सासूबाई जेवल्या नाहीत, टँकसमोरच बसल्यात. "जगंल ना ती?" एवढंच विचारतात.

तुमच्यापैकी कोणाची कोळंबी यातून वाचलीय का? असेल तर लिहा, त्यांना वाचून दाखवते.