गडावरच्या देवीचा नवस

बाळांनो, सातपूरच्या ज्या कारखान्याचं ऑफिस मी सांभाळत होते, तिथला एक लेथवाला नवरात्रात अनवाणी काम करायचा. गडावरच्या देवीचा नवस होता. त्याच्या लेथ यंत्राखाली लोखंडाचा धारदार चुरा पडलेला असायचा. मी मालकांना म्हटलं, "तेवढे दिवस त्याला दुसरं काम द्या."

"अहो बाई, असा श्रद्धाळू माणूसच मन लावून राबतो. देवी सांभाळेल त्याला," ते हसले.

आठव्या माळेला त्याचा तळवा चिरला. मालक म्हणाले, "नवसात काहीतरी चुकलं असेल त्याचं."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या पायात बूट आहेत," मी सगळ्यांदेखत म्हणाले, "म्हणून तुमचा देवीवर एवढा भरवसा!"

आजही तो राग उतरलेला नाही. श्रद्धा त्याची होती, मालकांनी मात्र त्यात स्वतःची सोय पाहिली.