चष्मेवाल्याचे चार कप

चष्मेवाल्याला नाद एकच, पण तोही असा की बायकोने कपाळावर हात मारून घ्यावा. गावाबाहेरच्या मठात एक म्हातारे साधूबाबा चिनी मातीची भांडी घडवायचे. त्यांचे चार कप याने मिनतवाऱ्या करून मिळवले होते. फिकट हिरव्या झिलईचे, आतबाहेर केसाएवढ्या बारीक भेगांची जाळी असलेले. ते काचेच्या कपाटात जाऊन बसले. हात लावायचा नाही, चहा तर लांबच. पुढे त्या जाळीच्या रेघा तपकिरी होत गेल्या, तसा हा येईल त्याला छाती फुगवून सांगू लागला, की खरी झिलई अशीच जागच्या जागी मुरते. आता बोला!

बाबांची मात्र अट होती, भांडं रोज वापरायचं. कुणी नवं मागितलं की ते आधी त्याच्या घरी जाऊन जुनं बघत, आणि बिनवापराचं दिसलं तर झोळीत घालून सरळ परत नेत. याला बाबांच्या एका वाडग्याचा मोह पडला, याने मागितला, आणि बाबा यायला निघाल्याचा निरोप आला तेव्हा कुठे याचे डोळे उघडले. वाडगा राहिला बाजूला, होते ते कपही जायची वेळ आली. मग काय, सकाळपासून हा पठ्ठ्या कपांत चहा ओतून बसला, ओली चहापूड कडांना चोळून झाली. पण ती झिलई कसली ऐकतेय! पुसलं की लख्ख. रडकुंडीला आला बिचारा.

बाबा आले. एक कप उजेडात धरून त्यांनी आतल्या रेघांवरून नख फिरवलं. चष्मेवाल्याचा जीव टांगणीला.

"रोज चहा पडल्याशिवाय रेघा अशा रंगत नाहीत," बाबा खुशीत म्हणाले. "कोण पितं यातून?"

हा थाप मारायला तोंड उघडणार, तोच बायको शांतपणे म्हणाली, "मी आणि माझ्या तिघी नणंदा. हे दुकानात गेले की."

बाबा खदखदून हसले. कप वाचले, आणि वाडगा त्यांनी तिच्याच हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकानाला कुलूप लावून चष्मेवाला घरी आला. चौघींच्या गप्पा रंगात आल्या होत्या. सख्ख्या बहिणीसुद्धा फितूर! त्याला राग आलाच, पण त्याहून जास्त हेवा वाटला. मुकाट्याने खाली बसून त्याने हात पुढे केला.

बायकोने त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला.

"यातनं घ्या," ती म्हणाली. "तुम्हाला सवय नाही, फोडाल."