आरशावरचा एक नंबर

दाढीच्या साबणाचा वास आला की मला वरवंडचं आमचं सलून आठवतं. दर दिवाळीला तिथल्या मोठ्या आरशावर आम्ही मित्र वर्षातल्या पाच आवडत्या सिनेमांची यादी साबणाने लिहायचो आणि पहिल्या नंबरावरून तावातावाने भांडायचो. त्या वर्षी एक रडका प्रेमाचा सिनेमा सगळ्यात वर होता. "मारामारीचाच एक नंबर!" असा मी हट्ट धरून बसलो होतो. सलूनवाले मामा गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा थांबवून म्हणाले, "व्हय रं, पर शेवटी ती त्याला भेटती का न्हाई?" शेवट आमच्यापैकी कुणीच बघितला नव्हता. सिनेमे आम्ही दौंडला जाऊन बघायचो आणि आमची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या अर्धा तास आधीच सुटायची. "आन् तुझ्या मारामारीत कोण जिंकतंय?" मामांनी मला विचारलं. तेही मला माहीत नव्हतं. मग सलूनभर जे हसू फुटलं, त्यात मामांनीच निकाल दिला, "भेटली आसं धरा, लिवा एक नंबर." मीही हात वर केला. आता तो सिनेमा मोबाइलवर कधीही दिसतो. मी तो पुन्हापुन्हा बघतो, पण ती फाटकाशी त्याची वाट बघत उभी राहिली की बंद करतो. एसटी चुकवून चालत नाही.