पंखावरचा नंबर

विमान कोसळलं, असं फिटरआबा कधी म्हणत नसत. “तितं ऱ्हायलं” म्हणत, मुक्कामाला गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. मुलांनो, हवाई दलात विमानं दुरुस्त करून निवृत्त झालेले हे मळवलीचे शेतकरी. महायुद्धातल्या एकेका लढाऊ विमानाचा नंबर घेऊन ते कुठल्या कारखान्यात झालं, कुठल्या तळावर होतं, कोणी उडवलं आणि शेवटी कुठे गेलं, याचा माग ते काढत.

प्रत्येक विमानाचं एक कार्ड. दोन कागद जुळल्याशिवाय विमान कुठे गेलं ही शेवटची ओळ भरायची नाही, हा त्यांचा नियम. परदेशी पत्रं लिहून घ्यायला दर गुरुवारी ते लोणावळ्याला माझ्याकडे येत. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे वाक्य सजवायची खोड. ते अर्थ विचारून घेत आणि म्हणत, “बाई, लय साखर झाली. जरा कमी करा.”

पवनेकडच्या एका डोंगरावर गुराख्यांना विमानाच्या पंखाचा तुकडा सापडला. त्यावरचा नंबर आबांच्या एका कार्डाशी जुळला. त्या विमानाचा वैमानिक युद्धात बेपत्ता झाला होता. त्याची बहीण विलायतेत होती, नव्वदी ओलांडलेली. त्या एकदाच आबांनी दुसऱ्या कागदाची वाट पाहिली नाही. म्हातारी तोवर थांबायची नाही, म्हणाले. मी पत्र लिहिलं. तिने मागितली म्हणून त्यांनी डोंगरावरची मूठभर मातीही पाठवली.

वर्षभराने दुरुस्तीच्या जुन्या नोंदीची प्रत आली. तो पंख काढून दुसऱ्याच विमानाला बसवलेला होता. आपल्या डोंगरावर ऱ्हायलं ते हे दुसरं. आबा पायरीवरच बसले.

“म्या सोता किती पंख बदललेत, बाई. आन् मलाच सुचलं न्हाई.”

त्यांना लगेच कळवायचं होतं. मी म्हटलं, या वयात कशाला तिला त्रास? समाधानात आहे, राहू द्या.

“ती भावाला हितं समजून बसली, तर त्याला खऱ्या जागी कोन हुडकनार?”

“लिहिते,” असं मी म्हणाले, पण लिहिलं नाही. एका गुरुवारी हात दुखतो म्हणून सांगितलं, पुढच्या गुरुवारी पाहुण्यांचं निमित्त केलं. तिसऱ्या गुरुवारच्या आत तिच्या मुलाचं पत्र आलं. आई शांतपणे गेली, तुम्ही पाठवलेली डोंगरावरची माती तिच्यासोबत ठेवली, आभार. मी ते आबांना वाचून दाखवलं.

“मागल्या गुरुवारनंतर तरी आपलं पत्र गेलं व्हतं का?”

मी “नाही” म्हणाले. ते रागावले नाहीत. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि गेले. पुन्हा कुठल्याच गुरुवारी आले नाहीत.

गेल्या वर्षी आबा गेले. त्यांच्या सुनेने एक पाकीट आणून दिलं. वर त्या बहिणीच्या मुलाचा विलायतेचा पत्ता होता, आत आबांच्या हातचं, चार ठिकाणी खोडलेलं इंग्रजी. तुमचा मामा आमच्या डोंगरावर नाही. चूक माझी आहे. शोधतो आहे.

मी त्यातलं एकही अक्षर सुधारलं नाही. खाली एवढंच लिहिलं, की उशीर माझ्यामुळे झाला, आणि पोस्टात जाऊन पत्र टाकलं.