भिंतीवरची टिकली

कॉन्व्हेंटच्या भिंतीवर आज एक लाल टिकली दिसली. म्हणजे अजून चालतं हे. शाळेत टिकलीला बंदी, म्हणून आम्ही मुली गेटबाहेर ती भिंतीला चिकटवायचो आणि सुटल्यावर परत लावायचो. घर मागच्याच गल्लीत होतं. आई सोडायला यायची आणि माझी टिकली स्वतः काढायची.

एका दुपारी काका मला वर्गातून न्यायला आले. सवयीने माझा हात भिंतीकडे गेला.

"राहू दे ती, बाळा. बाबा गेले."

घरी बायकांनी आईचं कपाळ पुसून टाकलं होतं. शाळेचा नियम निदान शेवटच्या घंटेपर्यंतच असायचा.

महिन्याभराने आई मला सोडायला आली, तेव्हा माझी त्या दुपारची टिकली भिंतीवर तशीच होती. आई तिच्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून ती मला कोपऱ्यावरच सोडून परत फिरू लागली.