हात लागला का उचला

९ फेब्रुवारी, रविवार, सायंकाळचे पाच वाजून दहा मिनिटे. या क्षणापर्यंत माझे ठाम मत होते की आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या काकांचा उजवा हात हे अख्ख्या भिलाईतले सर्वांत विश्वासार्ह यंत्र आहे. मी यंत्रांच्या कंपनांवरच संशोधन करीत असल्यामुळे हे मत भावनेच्या भरात बनलेले नव्हते. काकांनी आयुष्यभर प्लांटमध्ये क्रेन चालवली. छताजवळच्या केबिनमध्ये बसून ते कित्येक टनांचे तापलेले पोलाद इतक्या अलगद खाली ठेवीत की, त्यांच्याच शब्दांत, "बाजूले चहाचा कप असता तरी त्यावरची साय मोडली नसती." ही चाचणी प्रत्यक्ष कोणी घेतली होती का, असे मी सातव्या वर्षी त्यांना विचारले होते. तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "प्लांटमधी चहा तेवढा वेळ टिकतच नाही, पोरी."

निवृत्तीनंतर त्यांनी व्हरांड्यात सतरंजी अंथरली आणि लहान मुलांना बुद्धिबळ शिकवायला सुरुवात केली. त्या सतरंजीवरची मी अगदी सुरुवातीची विद्यार्थिनी. पुढे मोठी झाले, शिकले, आणि रविवारी त्यांच्या मदतीला बसू लागले. बुद्धिबळाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही अशी त्यांची पद्धत होती. नवे मूल आले की त्याला पटासमोर न बसवता आधी स्टुलावर उभे करीत. "खालून पायलं का फक्त समोरचं प्यादं दिसते. वरतून पाय, सारा शॉप दिसते." पटाला ते, प्लांटमधल्या कामाच्या विभागाला म्हणतात तसे, शॉप म्हणत आणि मारलेल्या मोहऱ्याला मेला म्हणण्याची त्यांच्याकडे सक्त मनाई होती. मारलेला मोहरा स्टीलच्या जेवणाच्या डब्यात जाई, कारण त्याची शिफ्ट सुटलेली असे. एकदा घोडा गेला म्हणून एका मुलाने भोकाड पसरले, तर काकांनी त्याला मांडीवर घेऊन डब्याचे झाकण किलकिले करून दाखवले. "पाय, घरी येऊन आंग धुऊन राहिला तो." मुलाने डोळे पुसत विचारले, "फिर कब आएगा?" काका म्हणाले, "नवा डाव मांडला का येते. नागा करत नाही तो, तुझ्यासारखा."

पालकांशी मात्र ते इतक्या मायेने वागत नसत. सुपेल्याहून एक गृहस्थ आपल्या मुलाला स्कूटरवर घेऊन येत आणि वर्ग सुटेपर्यंत व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहत. दुसऱ्याच रविवारी त्यांनी विचारले की मुलाला रेटिंग कधी मिळेल. काकांनी प्यादी पुसता पुसता उत्तर दिले, "रेटिंग फ्रिजले असते, भाऊ. पाच स्टार पायजेत तर सुपेल्यातच भेटतीन, तिथं दुकानं लय आहेत." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मूल मात्र येत राहिले, कारण आता त्याची आजी त्याला रिक्षाने आणू लागली.

या सगळ्या लाडात एकच नियम पोलादाचा होता: हात लागला का उचला. ज्या मोहऱ्याला बोट लागेल, तोच हलवायचा. पाच वर्षांचे मूल असो की मी, सवलत नव्हती. एकदा मी फारच वाद घातला, तेव्हा त्यांनी कारण सांगितले. "क्रेनचा लिव्हर ओढल्यावर चुकून लागला म्हणता येत नाही. खाली मानूस असते." त्यानंतर मी वाद घातला नाही.

तर त्या फेब्रुवारीतल्या सायंकाळी ते खुर्सीपारहून येणाऱ्या सहा वर्षांच्या एका मुलीशी खेळत होते. ती सगळ्यांना रांगेत बसवी, म्हणून काका तिला मॅनेजरबाई म्हणत. काकांचा हात हत्तीकडे निघाला, वाटेत थरथरला आणि करंगळी वजिराला लागली. मुलगी लगेच म्हणाली, "दादाजी, वो तो गलती से लगा ना. चलता है."

"नाही चालत," काका म्हणाले. त्यांनी वजीर उचलला, तो मारला जाणार हे दिसत असूनही पुढे ठेवला, आणि ते हरले.

पुढच्या रविवारी तसेच झाले, त्याच्या पुढच्याही. डॉक्टरांनी त्या कंपाला एक नाव दिले, गोळ्या दिल्या आणि फार आशा ठेवू नका असेही सांगितले. मी माझ्या परीने त्यांच्या मनगटाला संवेदक बांधून मोजमाप घेतले आणि सांगितले, "काका, सेकंदाला पाच वेळा."

"बापरे! म्हणजे मी एक चाल चालेपर्यंत हात साऱ्या शॉपचा राउंड मारून येते."

आम्ही दोघे हसलो. मग त्यांनी डाव्या हाताने संवेदकाचा पट्टा सोडवला.

खरे संकट वेगळेच निघाले. मुलांनी आपसांत काही ठरवले असावे. काकांचा वजीर चुकून मोकळ्यावर आला तरी कोणी तो मारीना. मुले छताकडे पाहत आणि भलतेच प्यादे पुढे सरकवीत. एवढीशी मुले, पण दया करण्यात विलक्षण तरबेज. काकांच्या हे तिसऱ्या डावात लक्षात आले. त्या दिवशी त्यांनी वर्ग लवकर सोडला आणि मला थांबवून घेतले.

"पोरं खोटं खेळून राहिले," ते म्हणाले. "माह्यामुळं खोटं शिकून राहिले."

मी सुचवले की अधिकृत नियमांत सोय आहे. ज्याला हाताने खेळणे शक्य नाही, त्याने चाल सांगावी आणि मदतनिसाने मोहरा हलवावा. मी बसते तुमच्या बाजूला.

"मी बोलन आन तू उचलशीन. मंग चूक झाली तर कोणाची?"

"तुमचीच, काका. तुम्ही सांगितलेली चाल."

"नाही," ते म्हणाले. "हात माहा आहे तोवर चूकही माहीच रायली पायजे. आन तसं जमत नसन, तर सतरंजी गुंडाळतो. पर पोराइले खोटं शिकवून नाही."

एप्रिलच्या एका रविवारी त्यांनी सर्वांना सांगितले की आज एकच डाव होईल, मॅनेजरबाईशी, आणि ती खरी खेळली तरच पुढचा वर्ग भरेल. मला त्यांनी पहिल्यांदाच चाली लिहायला बसवले. पांढरे मोहरे काकांचे. ते सुंदर खेळले, डाव्या हाताने उजवे मनगट दाबून धरीत, प्रत्येक चालीपूर्वी थांबून. डाव त्यांच्या बाजूने झुकला होता. आणि मग उंट उचलायला जाताना बोट वजिराला लागले. त्यांनी वजीर उचलला. त्याला जाण्यासारखे एकही सुरक्षित घर नव्हते.

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. काका हळू आवाजात म्हणाले, "मॅनेजरबाई, कावून थांबली? मार."

"नहीं मारूँगी."

"मंग माह्यासंगं खेळू नको. मी का बिमार मानूस आहो का इथं? मी खेळून राहिलो."

ती रडू लागली. रडता रडताच तिने घोडा उचलला, काकांचा वजीर मारला आणि मुठीत घट्ट धरून ठेवला. काकांचा चेहरा असा उजळला की माझी एक चाल लिहायची राहिली आणि ती नंतर मला पट पाहून भरावी लागली. "आता आलं तुले," ते म्हणाले. "आता येते तुले खेळता."

पुढच्या रविवारी वर्ग भरला, त्याच्या पुढच्याही. त्या दोन्ही दिवशी मुले त्यांच्याशी निर्दयपणे खेळली आणि काका आनंदाने हरले. मग मे महिन्यात त्यांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. सतरंजी आता माझ्याकडे आहे. काकांचा अधूनमधून फोन येतो. मॅनेजरबाई कोणाला रांगेत बसवते, कोण रडले, कोण खोटे खेळले, एवढेच विचारतात. हाताविषयी मी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत.

एप्रिलमधल्या त्या डावाचा कागद त्यांनी मागून घेतला होता. देण्यापूर्वी मी निकालाचा शेवटचा रकाना भरला, आधी पांढऱ्याचा गुण, मग काळ्याचा, आणि त्यांनी तो डोळ्यांजवळ धरून, बरोबर आहे म्हणून दोनदा मान हलवली: ०–१.